जुन्या भाषेचा दर

७८६

माझगाव, मुंबई
३ सप्टेंबर १९८५

हंबीरदादास मेहरूनचा सलाम.

राखी उशिरा पोचली असेल तर पोस्टाच्या नावानं शिमगा करू नकोस, मीच उशिरा टाकली. आठवडाभर नोकरीच्या मुलाखती देत हिंडत होते. रोज घरी आल्यावर आधी आंघोळ करावीशी वाटायची, इतकी किळस यायची.

मिल संपापासून बंद आहे हे तुला ठाऊकच आहे. तीन वर्षं "उद्या भोंगा वाजणार" म्हणत आम्हाला झुलवलं. गेल्या महिन्यात कॉम्प्युटर खात्यातल्या आम्हा चौघांना बोलावलं, हिशेब हातात ठेवला आणि मशीन भंगारवाल्याला विकलं. दादा, चौदा वर्षं मी त्या मशीनवर काढली. सहा हजार माणसांचा पगार त्यातून छापून निघायचा, आणि कधी कुणी भांडायला आलं नाही. ते मशीन किलोवर गेलं. मॅनेजर तिथंच पान चघळत उभा होता आणि थुंकला कुठं, तर मशीनच्या खोक्यावर. शी! अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता मुलाखतींचं ऐक. मशीनला माणसाचं बोलणं कळत नाही, त्याची भाषा वेगळी असते, एवढं तुला मागं सांगितलंय. मी शिकले ती ऑटोकोडर. आता ज्याला त्याला कोबॉल पाहिजे. कोबॉल येणाऱ्या पोरांना तीन-तीन हजार मोजतात, धड मिसरूड फुटलेलं नसतं. फोर्टातल्या एका ऑफिसात तसलाच एक टायवाला मला म्हणतो, "ऑटोकोडर? मॅडम, राणीच्या बागेत विचारा. जुनी जनावरं तिथं ठेवतात." आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला. शेजारची टायपिस्ट पोरगीही हसली. म्हटलं, कोबॉल शिकेन की, त्यात काय आहे? तर म्हणे शिकाऊ म्हणून घेऊ, सातशे देऊ. मिलमध्ये मला अठराशे होते. चहा तसाच ठेवून उठले.

दादा, मला कोल्हापूरला यायचंय. अम्मा एकटी आहे, तिला दिसत नाही, आणि ती घर सोडून इकडं येणार नाही हे मी वीस वर्षं ऐकतेय. पण हात हलवत येऊन तिच्या भाकरीत वाटेकरी व्हायचं नाही मला. शिकले त्याची नोकरी पाहिजे, आणि नोकरीचा मान पाहिजे. तिकडं असलं काही असणार नाही हे मला कळतं. उगाच लिहून टाकलं.

बायडावहिनीला सलाम. अम्मा खरंच जेवते, की नुसता चहा-बटरवर दिवस काढते, ते खरं कळव.

मेहरून



॥ अंबाबाई प्रसन्न ॥

शनिवार पेठ, कोल्हापूर
१९ सप्टेंबर १९८५

चि. मेहरूनला दादाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं, राखी बी पोचली. त्या टायवाल्याला हितं आणून रंकाळ्यात चार डाव बुचकळून काढला पायजे. बायडाबाईला वाचून दावलं तर ती म्हणती, बुचकळायला मी येते.

आता वाईच खाली बस आन् मग म्होरचं वाच.

गेल्या सोमवारी आमच्या गिरजाई सहकारी साखर कारखान्यावर तीन ट्रक आले. म्होरं हलगी, फटाकडं, आन् पयल्या ट्रकात आमचे चेअरमन गणपतराव फेटा बांधून उभे! त्यांच्या मेव्हण्यानं मुंबईत भंगारात एक कॉम्प्युटर घेतला आन् कारखान्याच्या गळ्यात घातला. भंगाराला काय पडला आन् कारखान्याला केवढ्याला पडला, ते इचारू नको, मला बी इचारायची चोरी हाय. मी शेती ऑफिसचा हेडक्लार्क, म्हणून उतरवून घ्यायला मलाच हुबा केलता. मागच्या अंगाला पितळी पट्टी बघतोय तर काय, तुझ्या मिलचं नाव! आयला, माझ्या अंगावर काटाच आला. तुझंच मशीन गं. तुझ्या आधी कोल्हापूरला आलं.

पर चालवायचं कुणी? पुण्यास्नं एक इंजिनेर आलता. बघून हसला आन् म्हणला, तारा मी जोडून देतो, पर ह्याची भाषा येणारा माणूस शोधा, ह्या भागात तर कोण न्हाईच. बोर्डाची बैठक चाललीती, मी तिथंच उठून म्हणलं, आमच्या गल्लीतली पोरगी हाय की, शिकलगारांची मेहरुन्निसा. चेअरमन खुर्चीतनं उठलेच. "हंबीरराव, बाईंना बोलवा. काय लागंल ते देऊ." सगळ्यांच्या समोर म्हणलेत, मी कानानं ऐकलंय.

तुझी अम्मा बरी हाय म्हणलं तर खोटं हुईल. चाँदमावशीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय. बायडाबाई दोन्ही वक्ताला ताट न्हेऊन देती, पर मावशी म्हणती माझं मी करून खाते. परवा तव्यावर हात भाजून घेतला. तू ये बघ आता. लई झाली मुंबई.

पगार किती मागू ते लवकर कळीव.

हंबीरराव



७८६

मुंबई
२७ सप्टेंबर १९८५

दादा,

तुझं पत्र चारदा वाचलं. शेजारणीला वाटलं लॉटरी लागली.

पगार मिलचाच सांग, अठराशे. एक पैसा जास्त मागत नाही. आणि पद अधिकाऱ्याचं पाहिजे, नेमणूक लेखी पाहिजे. इथं मी तेच होते.

त्या बदल्यात काय देईन तेही चेअरमनना सांग. मिलचे माझे सगळे प्रोग्राम मशीनबरोबरच तिकडं आले असणार. पगाराचा जो आहे ना, त्यात कामगाराच्या जागी सभासद घालायचा, हजेरीच्या जागी उसाची टनं, आगाऊ रकमेची कपात असते तीच. थोडी फिरवाफिरव केली की ऊसबिलं तयार. हंगाम अर्धा व्हायच्या आत पहिली बिलं छापून देईन. असं सांगणारा माणूस त्यांना दुसरा मिळणार नाही, हे मी फुशारकीनं नाही, खरंच सांगते.

तोवर मशीन कोरडं ठेवा. पूजा करा, पण नारळ त्याच्यावर फोडू नका, पाणी आत गेलं की संपलं. कपाटं, खोकी, सगळं सामान आलंय तसं नीट ठेव.

इथली घाण आता सोसवत नाही. मिलच्या दारात अजून माणसं येऊन बसतात. काल एका जॉबरनं, साचेवाल्यांच्या मुकादमानं, मला विचारलं, "बाई, मशीन परत आणणार का हो?" मी नाही म्हणाले आणि चालत सुटले. अम्माला म्हणावं, चुलीपाशी जाऊ नकोस. मी येतेय.

मेहरून



॥ अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर
२० नोव्हेंबर १९८५

चि. मेहरूनला आशीर्वाद.

दसरा गेला, दिवाळी गेली, तुला दोन ओळी लिवाय झाल्या न्हाईत. बोर्डानं विषय तीन बैठका लांबवला. तोंडात कारलं धरल्यागत झालंय बघ, तरी पर सांगतो.

कारखान्यात काटा-क्लार्कची ग्रेड हाय, चिठ्ठ्या वाटणाऱ्या चिटबॉयची हाय, ड्रायव्हरची हाय. कॉम्प्युटरवाल्याची न्हाय. मग बाईला बसवायचं कशात? एक डायरेक्टर म्हणतोय, "टायपिस्टात बसवा की, बटणंच दाबायची न्हवं?" दुसरा म्हणतोय, "हंबीरराव, तुमीच म्हणताय भाषा जुनी हाय. मग जुन्या भाषेला नव्याचा पगार कशाला?" तिसरा त्येच्यावर ताण. "मुंबईचा पगार मुंबईला. हितं घर सोताचं, आई हाय, बाईमाणूस एकटं. खर्च काय हाय?" मी म्हणलं, अवो, मशीनपायी ढीगभर पैसा घातलासा आन् चालवणारीला हात आखडताय व्हय? तर चेअरमन हसून म्हणले, "नऊशे द्या. आन् आल्यावर सत्कार करू. फेटा, शाल, नारळ, दांडगा कार्यक्रम घेऊ."

फेट्यावर भाकरी थापायची काय? किळस आली मला. मशीनच्या पूजेला ह्या लोकांनी दोन दिवस मटणाच्या पंगती उठवल्या, तवा खर्च न्हाय दिसला.

पर मी व्हय म्हणून आलोय. रागावू नगं. हितली तऱ्हा तुला म्हाईत हाय. आदी आत शिरायचं, मग दर साली थोडं थोडं वाढवून घ्यायचं. मी बी तसाच वाढलो. तू एकदा खुर्चीत बस, मग बघतो मी.

मशीनची काळजी करू नगं. नारळ दारात फोडला. कपाटं सोता हुबा ऱ्हाऊन पुसून घेतली, किल्ल्या माझ्याजवळ. तू म्हणतीस ते प्रोग्राम काय कुठं दिसलं न्हाईत, मशीनच्या पोटात असतील. कपाटाच्या खणांत नुसती बारकी बारकी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं हुती, ढिगानं. मी म्हणलं मुंबईवाल्यांनी रद्दी बी संगं धाडली. पर रद्दी घावली बऱ्या वेळंला! हंगाम सुरू झाला आन् छापखानावाल्यानं ऊसगाड्यांच्या चिठ्ठ्या दिल्याच न्हाईत. यार्डात गाड्यांची ही गर्दी. मी डोकं चालवलं. पुठ्ठा दणकट, पाठ कोरी, भोक आयतं. मागं पेन्सिलनं गाडीचा नंबर टाकायचा, गाडीवान भोकातनं सुतळी ओवून जुवाला बांधतोय. एक नंबर काम! चेअरमननी सगळ्यांच्यात माझी पाठ थोपटली.

कधी येतीस ते कळीव, स्टँडवर येतो.

हंबीरराव



७८६

मुंबई
२६ नोव्हेंबर १९८५

दादा,

तुझं पत्र वाचून मला उलटी झाली. खरोखर मोरीत जाऊन ओकले.

ती रद्दी नव्हती. ते प्रोग्राम होते. मशीनच्या पोटात काही नसतं रे, काम संपलं की ते कोरं. जे काही असतं ते त्या कार्डांवर. एक कार्ड म्हणजे मशीनला सांगितलेली एक गोष्ट. "ह्याची हजेरी घे", एक कार्ड. "त्यातून कपात वजा कर", एक कार्ड. भोकं म्हणजेच ती भाषा. अशी हजारो कार्डं ओळीनं लागतात तेव्हा एका माणसाचा पगार निघतो. चौदा वर्षं मी ती लिहिली, पाडून घेतली, चुका काढल्या, लेकरं रांगेत उभी करावीत तशी खणांत लावली. आणि तू ती बैलांच्या जुवाला बांधलीस. वर मलाच लिहून फुशारकी मारलीस!

मला माझाही राग येतोय. "सामान नीट ठेव" लिहिलं, "पुठ्ठे जप" लिहायला हात झिजत होते का माझे? इथं खात्यातल्या झाडूवाल्यालाही कार्डाला हात लावायचा नाही हे माहीत होतं, म्हणून जगाला माहीत असेल असं धरून चालले.

आता दुसरं ऐक. आठ दिवसांपूर्वी अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीतून बोलावणं आलं. अमेरिकेतल्या कंपन्यांची जुनी कामं अजून ऑटोकोडरमध्ये पडून आहेत. तिकडची जाणती माणसं निवृत्त झाली, काही मेली. ती भाषा वाचून कोबॉलमध्ये उतरवणारं माणूस त्यांना पाहिजे. साहेबानं कोबॉलचं विचारलंसुद्धा नाही, म्हणाला ते आम्ही शिकवू, जुनं कुणी शिकवत नाही. अडीच हजार म्हणाला. बघ, तीच मी आणि तीच भाषा. फोर्टात ती राणीच्या बागेतली, अंधेरीत सोन्याची, आणि आपल्या गावात टायपिस्टाची. माणसाचा दर एसटीच्या तिकिटागत गावोगाव बदलतो, ह्याची मला शिसारी आली आहे.

तरी मी अंधेरीला हो म्हणाले नाही. एक तारखेपर्यंत, नव्या वर्षाच्या, मुदत मागितली. का, ते तुला माहीत आहे. अम्मा तिकडं तव्यावर हात भाजून घेते आणि मी इकडं अमेरिकेची कामं करू?

म्हणून चेअरमनना शेवटचं सांग. सगळं पुन्हा लिहीन, डोक्यात आहे माझ्या. ह्या हंगामाची बिलं आता होणार नाहीत, पण पुढच्याची करीन. अठराशे, अधिकाऱ्याची नेमणूक, लेखी. खाली काही नाही. आणि दादा, माझ्या वतीनं नऊशेला "व्हय" म्हणणारा तू कोण? आत शिरायला मी काय मांजर आहे?

उरलेली कार्डं वाचव. एवढं तरी कर.

मेहरून



कोल्हापूर
१६ डिसेंबर १९८५

मेहरून,

तुझं पत्र ऑफिसात फोडलं आन् तसाच यार्डात पळालो, पायात चप्पल घातली न्हाय.

वजन झालं की चिठ्ठी काट्यावर ठेवून घेत्यात आन् दिसभराची पोती भरून भट्टीत टाकत्यात. मी गेलो तवा माणूस पोतं वततच हुता. आत कागदं जळायलेली बघितली आन् तसाच कपाटाकडं पळालो. एक खण तेवढा शिल्लक हुता. बाकी गाडीतळावर हिंडून जुवाच्या सोडून घेतल्या. गारगोटीकडचा ज्ञानू म्हणून एक गाडीवान हाय, त्यो चिठ्ठी सोडंना. "सायेब, माजा नंबर जाईल." त्येला दुसरा कागद लिवून दिला. मग त्यो बी माझ्यासंगं हिंडला. एक लहान पोतडं झालंय. चिखल लागलाय, शेण लागलंय, पर भोकं शाबूत हायती.

चेअरमनला सगळं सांगितलं. त्येला वाटलं मी गंमत करतोय. हसत सुटला. "पुठ्ठ्याचं एवढं काय! आल्यावर म्हणावं परत पाड भोकं." आन् बोर्डानं मग ठराव काय केला माहितीय? आता प्रोग्रामच न्हाईत तर कायम नोकरी कशाला. बाईला रोजंदारीवर घ्यायचं, तीन म्हयनं. तेवढ्यात चेअरमनचा पुतण्या बाळासो हाय, त्येला भाषा शिकवायची. शिकला की बाई मोकळी. ज्यांनी जाळलं तेच वर बोलायलेत. मी उठून भाईर आलो.

ह्याच्या फुडचं लिवायला हात धजत न्हाय, पर तुझ्यापास्नं काय लपवायचं न्हाय आता.

काल रविवारी चेअरमन जीप घेऊन आपल्या गल्लीत आले. संगं चार माणसं, साडी, नारळ. मला म्हणले, चला, बाईंच्या आईचा शब्द घेऊन टाकू, आईनं सांगितल्यावर पोरगी कुठं जाती? चाँदमावशी आत या म्हणली. हे उंबऱ्यावरच हुबे. मावशीनं चाचपडत चहा केला. चेअरमननी कप हातात घेतला, तोंडाला न लावता पायरीवर ठेवला. म्हणले, उपास हाय. सकाळी शिरोळच्या पावण्याकडं तांबडा-पांढरा वरपून आलतेत, मी संगंच हुतो. मला मेल्याहून मेल्यागत झालं.

मग म्हणले, "आजी, पोरीला बोलवून घ्या. अठरा रुपय रोज देतो. तीन म्हयनं."

मावशी म्हणली, "तुमच्याकडं ऊस तोडणाऱ्या बाईला काय रोज हाय, सायेब?"

"तेवढाच की. थोडा इकडं तिकडं."

"मग ऊस तोडणाऱ्या बाईलाच बसवा मशीनवर. ती बिचारी कोयता तरी चालवती. माझ्या पोरीला कोयता येत न्हाय."

मावशीनं साडी चाचपून बघितली, घडी मोडली न्हाय, परत हातात दिली. "घरात सून असंल, तिला द्या." आन् दार लावून घेतलं.

जीप गेल्यावर मी पायरीवर बसून ऱ्हायलो. मावशीनं आतनं हाक मारली. "हंबीर, मला मुंबईला घालव." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. कुरुंदवाडला माहेरी जायचं तरी जी बाई दोन दिसांत परत यायची! म्हणलं, मावशी, तुमी तर घर सोडणार न्हवता. तर म्हणली, "मी हितं हाय म्हणून ती येणार. त्येंनी अठरा दिलं तरी येणार, नऊ दिलं तरी येणार. मला ठावं हाय तिचं. मी हितनं उठले की तिला यायचं कारण ऱ्हात न्हाय."

एवढं बोलली आन् रडली. मी तिला कधी रडताना बघितलं न्हवतं.

२६ तारखेच्या रातच्या एसटीनं मी तिला घेऊन निघतोय. सकाळी परेलला उतरू. पोतडं संगं आणतोय. तू अंधेरीला व्हय म्हणून टाक.

तुझा दादा म्हणायची लाज वाटतीया, तरी पर तुझाच दादा,
हंबीरराव



॥ अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर
९ मार्च १९८६

चि. मेहरूनला आशीर्वाद.

मावशीच्या डोळ्याचं आपरेशन झालं हे ऐकून बायडाबाईनं गल्लीत साखर वाटली. घर रोज झाडती. दर गुरवारी सांच्याला ऊद घालती, मावशीनं जाताना सांगितलं तसं.

मी नुसता निरोप्या हाय, हे आदी ध्यानात धर.

हंगाम संपत आला, बिलं तटलीत. बाळासोनं कॉम्प्युटरची बटणं दाबून दाबून एक दिवस धूर काढला. त्यो पुण्याचा इंजिनेर परत आणला, धूर निवला, पर मशीन मुकं ते मुकंच. मशीनच्या जिवावर बिलं करणारी चार माणसं हंगामाच्या तोंडालाच कमी केलीती. आता परवा सभासदांनी चेअरमनच्या जीपला गराडा घातला. बिलं कुठं हायती? चेअरमन घामाघूम.

काल मला केबिनीत बोलवून खुर्ची दिली. पंधरा सालात पयल्यांदा. म्हणले, "बाईंना लिवा. तीन हजार. अधिकारी म्हणून घेतो, कॉलनीत बंगला, आईला दवाखाना फुकट. आजच्या आज लेखी धाडतो." ठरावाचा कागद मी डोळ्यानं बघितलाय, ह्या वक्ताला खोटं न्हाय.

माझं मत इचारशील तर मला मत न्हाय. मागं मत देऊन काय झालं ते बघितलं. घर मात्र हितं हाय, आन् मावशी तिकडं कशी करत असंल ते मला कळतंय. काय ते तुमी दोघी ठरवा.

हंबीरराव



७८६

मुंबई
१८ मार्च १९८६

हंबीरदादास आम्हा दोघींचा सलाम.

अम्मा कशी करते विचारतोस? सकाळी उठल्यापासून मुंबईला शिव्या घालते. पाण्याला गटाराचा वास येतो, दूध म्हणजे चुन्याची निवळी, मटणाला चव नाही, शेजारीण हाक मारत नाही. रात्री झोपेत बायडावहिनीशी बोलते. पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, आजी, काय दिसतंय? तर म्हणाली, "समोरची भिंत. दुसरं हाय काय ह्या गावात?" ज्या दिवशी दिसायला लागलं त्या दिवशी तिला बघायला हे मिळालं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

अंधेरीचं काम बरं आहे. घाण वाटावी असं तिथंही पुष्कळ आहे. माझ्या कामाचे अमेरिकेकडून काय घेतात आणि मला काय देतात, ते एकदा कानावर आलं आणि जेवण गेलं नाही. सगळीकडं कुणीतरी उंबऱ्यावर उभा राहून दुसऱ्याचा दर ठरवतो. पण इथं निदान माझा चहा पितात.

तुझं पोतडं उघडून बसले होते एका रविवारी. शेण पुसलं, चिखल पुसला. एकाही प्रोग्रामची रांग पुरी होत नाही. कपात कुठं आहे तर हजेरी नाही, हजेरी आहे तर माणसाचं नाव घेणारं कार्ड नाही. मागं तुझ्या अक्षरात गाडीचे नंबर. तुझा राग आता येत नाही, दादा. तू अनवाणी पळालास हे मी विसरणार नाही.

तीन हजाराचं पत्र आलं आणि खोटं कशाला बोलू, मला मोह पडला. तीन हजार, बंगला, आणि अम्माचं घर वीस मैलांवर. मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. मनात म्हटलं, ही आता ट्रंक भरायलाच उठणार. तिनं कागद माझ्या हातातून घेऊन उलटा ठेवला. मग म्हणाली,

"त्या माणसानं माझ्या दारात हुबं ऱ्हाऊन तुझा रोज ठरवला. माझा चहा पायरीवर ठेवला. त्या गावाला मी जाईन, मातीला का हुईना, जाईन. पर तू त्येच्या दारात कामाला जायाचं न्हाय."

म्हटलं, अम्मा, तुला इथं करमत नाही.

"न्हाय करमत," ती म्हणाली. "म्हणून काय तुला इकू?"

तर ठरलं ते असं. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. मे महिन्यात आम्ही दोघी आठ दिवसांसाठी येतो, बायडावहिनीला म्हणावं भाकरी तिच्याच हातची खाणार. कारखान्याच्या वाटेला मी फिरकणार नाही.

चेअरमनचं उत्तर ह्याच पाकिटात घातलंय, त्यांच्या हातात नेऊन दे. पोतड्यातलंच, नंबर न टाकलेलं एक कार्ड आहे. पाठ कोरी आहे, भोक आयतं आहे. सुतळी त्यांची त्यांनी आणावी आणि कुणाच्या गळ्यात बांधायची ते बोर्डाच्या बैठकीत ठरवावं.

मेहरून